स्कूटरवर बांधलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि अंगाला टोचणारी. आजकालच्या मऊ, फुलाफुलांच्या ब्लँकेटांशी माझी तुलना करायची असेल तर खुशाल करा. मात्र तुलनेचा निकष कोणता, हे आधी ठरवा. मऊपणा हा निकष असेल, तर मी हरले. पण गारांचा मार, उभा पाऊस आणि माळावरचा वारा अंगावर घेऊन आतल्या माणसाला जगवणे हा निकष असेल, तर त्या ब्लँकेटांनी माझ्याशी वादाला उभे राहू नये.

माझ्या कामात मी एकदाही उणी पडले नाही. तरीही ज्याच्यासाठी मी विणली गेले, तो माणूस ऐन वादळात माझ्यावाचून राहिला. हे कसे घडले, ते मी क्रमाने सांगणार आहे. तुमच्याही घरात उद्या तसे एखादे माणूस असेल, म्हणून सांगणार आहे.

माझा जन्म देवगाव रंगारीच्या शिवारातला. सोनाजी नावाच्या मेंढपाळाच्या कळपातील काळ्या मेंढ्यांची लोकर कातरून, पिंजून, त्याची बायको पुतळाबाई हिने ती आपल्या हाताने कातली. मग गावच्या सणगराने, म्हणजे आमच्या विणकराने, त्या सुताला चिंचोक्याची खळ चढवली आणि मला मागावर विणले. नवी होते तेव्हा मी इतकी ताठ होते की, भिंतीला टेकवली तर उभी राहत असे. पुतळाबाईने मला सोनाजीच्या खांद्यावर टाकले आणि म्हणाली, "घ्या. आता आभाळ फाटलं तरी मला घोर नाय."

पुढे कितीतरी पावसाळे मी त्याच्या अंगावर काढले. तो मला डोक्यावर खोळ करून घेई, रात्री अंथरी, आणि माळावर जन्मलेले ओले कोकरू माझ्यातच गुंडाळून घरी आणी. त्याचा मुलगा कडूबा लहानपणी माझ्याच उबेला झोपला. एकदा रानात अवचित गारपीट आली. मेंढ्यांनी एकमेकींच्या पोटाखाली माना घातल्या. कडूबा भिऊन झाडाकडे पळू लागला, तेव्हा सोनाजीने त्याला ओढून माझ्या आत घेतले.

"पळायचं नाय," तो म्हणाला. "वाऱ्याला पाठ द्यायची, गुडघ्यात डोकं घालायचं, घोंगडी वर घ्यायची आन् हनुवटीखाली दोन्ही मुठींनी गच्च धरायची. गारा थांबल्याबिगर उठायचं नाय."

"आन् घोंगडी जवळ नसली तर?"

"धनगराच्या पोराजवळ घोंगडी नसंल व्हय रं, येड्या?" सोनाजी हसला. मग थोडा विचार करून म्हणाला, "नसली तर आधी ती हुडकायची. मंग बसायचं."

मित्रांनो, ही शिकवण नीट ध्यानात ठेवा. बापाने मुलाला ती एकदा सांगितली. आणि मुलाने जी विसरावी, तीच बापाच्या हाडांत शेवटपर्यंत राहिली.

त्यानंतर काळ पालटला. शहराच्या पश्चिमेला, वाळूजकडे, कारखाने उभे राहू लागले. ज्या माळांवर आम्ही मेंढरे चारत होतो, तिथे तारेची कुंपणे पडली आणि कुंपणांच्या आत भोंगे वाजू लागले. कडूबाला एका कारखान्यात नोकरी मिळाली. ती मिळावी यात वाईट काहीच नव्हते. मेंढरांमागे पाय झिजवण्यापेक्षा ठरल्या वेळी भाकरी मिळणे चांगलेच. पण पुतळाबाई वारली, सोनाजी एकटा पडला, आणि मुलाने हट्ट धरला की आता कळप विकून शहरात या. छावणीच्या जनावरांच्या बाजारात सोनाजीने शेवटची मेंढी दुसऱ्याच्या हाती दिली. त्या मेंढरांची स्कूटर झाली. पत्र्याच्या खोल्यांच्या एका गल्लीत, कडूबाच्या दारापुढे, ती निळसर रंगाची स्कूटर येऊन उभी राहिली.

"आबा, हीच तुमची मेंढरं समजा," कडूबा म्हणाला.

सोनाजीने तिच्याभोवती फेरी मारली. "हिला चारा काय घालतो?"

"पेट्रोल."

"दूध देती का?"

"नाय, आबा."

"लोकर?"

सारी गल्ली हसली. सोनाजीही हसला. तेव्हा तो थट्टा करीत होता. काही काळाने त्याने हेच प्रश्न पुन्हा विचारले, त्याच क्रमाने, आणि या खेपेस तो हसत नव्हता. स्कूटरला पाणी पाजले नाही म्हणून त्याने सुनेला, वच्छलाला, शिव्या दिल्या. मग तो घर विसरला. मग मुलाचे नाव विसरला. गल्लीतले लोक याला म्हातारचळ म्हणत. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटले आणि सांगितले की हा मेंदूचा आजार आहे, यात म्हाताऱ्याचा खोडसाळपणा नाही, रागावून उपयोग नाही. डॉक्टरांचे ते बोलणे कडूबाने ऐकले, वच्छलाने मानले. ऐकणे आणि मानणे यांत केवढे अंतर असते, ते मी त्या घरात पाहिले.

आभाळ भरून आले, वारा सुटला की सोनाजी बेचैन होई. "मेंढरं बाहेर हायेत," म्हणून तो दाराकडे धावे. कडूबा दार लावून घेई, तो दारावर धडका देई. अशाच एका संध्याकाळी वच्छलाने, काही सुचेना म्हणून, मला त्याच्या डोक्यावर टाकले. सोनाजी थांबला. माझे काठ त्याने चाचपले, दाराशेजारच्या भिंतीला लागून, वाऱ्याकडे पाठ करून उकिडवा बसला, मला हनुवटीखाली धरले आणि वादळ सरेपर्यंत हलला नाही. मुलाचे नाव ज्या डोक्यातून गेले होते, त्याच डोक्याखालच्या हातांना गारपिटीचा नियम पाठ होता. वच्छलाने दुसऱ्याच दिवशी दाराजवळ खुंटी ठोकली आणि मला तिच्यावर अडकवले. वादळासाठी त्या घराने केलेली तेवढी एकच खरी तयारी होती, असे माझे ठाम मत आहे.

कडूबाला ती खुंटी खुपत असे. "कारखान्यातले लोक घरी येतेत. वास मारती ही. पेटीत टाक."

"लोक घटकाभर बसतेत आन् जातेत," वच्छला म्हणाली. "आबा हितं राहतेत."

मी खुंटीवरच राहिले.

घराबाहेरही सोनाजीला एक आधार होता. गल्लीच्या तोंडाशी चंपाबाईचे घर होते. तिचा नवरा साहेबराव कडूबाच्याच पाळीत काम करी. दोघे एकाच स्कूटरवरून कामाला जात, पुढे कडूबा, मागे साहेबराव, दोघांचे डबे एका पिशवीत. सोनाजी नजर चुकवून निघाला की, त्याला चंपाबाईच्या दारावरूनच जावे लागे. ती त्याला कधी अडवत नसे, की मेंढरे केव्हाच विकली असे सांगत नसे. ती म्हणे, "आबा, तिकडं कुठं? मेंढरं हिकडं आलीत की, मपल्या दारात!" तो लगेच वळे. ती त्याला चहा देई, आणि चहा संपेपर्यंत तो मेंढरे विसरून जाई.

"काय गं चंपे, तू कुणाची?" तो दर वेळी विचारी.

"तुमचीच लेक की, आबा."

"मंग चहात साखर काऊन कमी?"

ही व्यवस्था कोणी ठरवलेली नव्हती. पण ती कोणत्याही कुलपापेक्षा पक्की होती. आता ती कशी मोडली, ते ऐका.

विद्यापीठाच्या नावाचा वाद या शहरात कितीतरी वर्षे धुमसत होता. मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, खेड्यांत माणसांची घरे जाळली गेली. इतकी वर्षे आमची गल्ली मात्र भोंग्यावर उठत होती आणि भोंग्यावर झोपत होती. अखेर एका संक्रांतीला सरकारने निर्णय केला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. साहेबरावाच्या घरावर निळा झेंडा चढला. चंपाबाई परात घेऊन दारोदार जिलेबी वाटू लागली. ती आमच्या दारी आली तेव्हा कडूबा उंबऱ्यातच उभा राहिला.

"आमच्या दारात नको," तो म्हणाला.

"गोड हाय, भाऊ. इख नाय," चंपाबाई हसून म्हणाली.

"सांगितलं ना, नको म्हणून."

तेवढ्यात सोनाजीने त्याच्या काखेखालून हात घालून जिलेबी उचलली. "कुणाचं लगीन हाय?"

"लगीन नाय, आबा. आमच्या बाबासाहेबांचं नाव लागलं विद्यापीठाला."

"मंग लई झाक झालं!" सोनाजी म्हणाला आणि त्याने दुसरी जिलेबी घेतली.

कडूबाने बापाच्या हातातून ती हिसकली आणि बाहेर टाकली. मग चंपाबाईकडे न पाहता बोलला, "आन् मपला म्हातारा मी बघीन. तुमी त्याला हात लावायचा नाय. दारात बसवायचा नाय, चहा पाजायचा नाय."

चंपाबाईच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तिने परातीवर पदर घातला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून साहेबराव पायी कामाला जाऊ लागला.

मित्रांनो, मला वाद घालायची खोड आहे, तेव्हा इथे थोडा घालतेच. ज्या विद्यापीठाची पायरी कडूबाने जन्मात चढली नव्हती, त्याच्या पाटीवरील नावासाठी त्याने शेजार तोडला. ज्याच्या बापाला गावच्या ओट्यांवर कोणी बरोबरीने बसवले नव्हते, त्याला आता कोणालातरी आपल्या दाराबाहेर ठेवायचे होते. कोणी म्हणेल, तेव्हा हवाच तशी होती. माझे उत्तर असे की, हवा कशीही असो, जिलेबी टाकणारा हात कडूबाचा होता.

वच्छला त्या रात्री एवढेच म्हणाली, "आबा निघाले तर आता कोण वळवील?"

"मी हाय ना!" कडूबा म्हणाला.

त्याच साली, उन्हाळ्याच्या तोंडावर, गारपिटीच्या बातम्या येऊ लागल्या. कडूबा तयारीला लागला, आणि त्याची तयारी खरोखर पाहण्यासारखी होती. पत्रे उडू नयेत म्हणून त्याने त्यांवर धोंडे ठेवले, वरून तार ओढून ती जमिनीतल्या खुंट्यांना आवळली. धान्याचे डबे फळीवर चढवले. रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, काडेपेट्या डब्यात ठेवल्या, रॉकेल भरून घेतले, पाण्याची पिंपे आत आणली. गल्लीतले लोक येऊन पाहून गेले. "कडूबाकडून शिकावं," भामाबाई नावाची शेजारीण आपल्या नवऱ्याला म्हणाली, "नायतर तुमी! पत्रा उडाला तर पतंग उडाला म्हनून बघत बसताल."

सगळ्यांना हसू आले. सोनाजी कुठे बसेल, त्याच्याजवळ कोण असेल, हे त्या तयारीत नव्हते. आणि ते नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

एके दिवशी दुपारी वच्छला कापड आणायला औरंगपुऱ्याच्या बाजारात गेली. निघताना तिने माझ्याकडे बोट दाखवले. "आभाळ आलं तर आधी ही आबांच्या अंगावर टाका. बाकीचं मागून."

"व्हय, व्हय. जा तू."

ती गेली आणि घटकाभरात पश्चिमेकडून आभाळ काळे होऊन आले. वारा असा सुटला की गल्लीतली धूळ भिंतीसारखी उभी राहिली. कडूबाने तारा तपासल्या, धोंडे पाहिले, आणि मग त्याची नजर स्कूटरवर गेली. ती आत घेता येईना. पिंपे आणि डबे यांनी खोली आधीच भरून गेली होती. प्लॅस्टिकचा कागद पत्र्याच्या भोकावर गेलेला. रंग टवका टवका उडेल, पुढचा दिवा फुटेल, या विचाराने तो आत आला, इकडेतिकडे पाहिले, आणि त्याने मला खुंटीवरून ओढले.

न्यायाने बोलायचे तर त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. गारांपासून राखण्याला माझ्याइतके योग्य त्या घरात दुसरे काही नव्हते. त्याने मला स्कूटरवर पसरले आणि सुंभाने आवळू लागला.

तोच सोनाजी बाहेर आला. त्याने रिकामी खुंटी पाहिली असावी. तो थेट माझ्याकडे आला, त्याने माझा काठ धरला आणि ओढला. त्याची बोटे मला ओळखत होती. मीही त्यांना ओळखत होते. पण सुंभाची गाठ मला सोडवता येत नव्हती.

"आबा, सोडा! सुटंल ती!"

"घोंगडी दे मपली."

"आत जाऊन बसा म्हनलं ना! गारा यायल्या."

"घोंगडी दे रं बाबा," सोनाजी काकुळतीला येऊन म्हणाला. तो मुलाशी बोलत नव्हता. वाटेवरच्या कोणा अनोळखी माणसापुढे हात पसरावा, तसा बोलत होता.

कडूबाने त्याची बोटे एकेक करून सोडवली आणि त्याला दाराकडे ढकलले. सोनाजी दोन पावले दाराकडे गेला. मग थांबला. घोंगडी नसली तर आधी ती हुडकायची, मग बसायचे. तो वळला आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागला.

चंपाबाई दारात उभी होती. तिने त्याला पाहिले आणि सवयीने हाक मारली, "आबा, हिकडं! मेंढरं हिकडं हायेत!"

सोनाजी थांबला. त्याने मान वळवली. तिने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि तिथेच थबकून कडूबाकडे पाहिले. तिला काय विचारायचे होते, हे सगळ्या गल्लीला कळले असते.

"राहू द्या!" कडूबा ओरडला. "येवढी गाठ मारतो आन् आनतो मी त्याला."

चंपाबाईचा पाय आत गेला.

कडूबाने गाठ मारली. चांगली, पक्की मारली. तेवढ्यात पहिली गार पत्र्यावर पडली, आणि तिच्यामागून एकदम इतक्या, की गल्लीचे दुसरे टोक दिसेनासे झाले. कडूबा डोक्यावर हात धरून धावला आणि कपाळ फुटून परत आला. मग मी साहेबरावाला पाहिले. त्याने डोक्यावर लोखंडी घमेले पालथे धरले होते. त्या आवाजात काही ऐकू येणे शक्य नव्हते. त्याने दुसरे घमेले कडूबाच्या हातात दिले, आणि दोघे पांढऱ्या पडद्यात दिसेनासे झाले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. चंपाबाईने ते नंतर वच्छलाला सांगितले, तेव्हा मी ऐकले. सोनाजी नाल्याच्या काठी सापडला. कुठे आडोशाला पळाला नव्हता, नाल्यात पडला नव्हता. उकिडवा बसला होता. वाऱ्याला पाठ, गुडघ्यात डोके, आणि दोन्ही मुठी हनुवटीखाली घट्ट आवळलेल्या. त्या मुठींत काही नव्हते. साहेबरावाने त्या सोडवून पाहिल्या, सुटल्या नाहीत.

दोघांनी त्याला उचलून आणले. एक डोक्याकडून, एक पायांकडून. त्या दिवशी कोणी कोणाला हात लावू नको म्हणाले नाही.

वच्छला भिजत, धावत आली. तिने आधी खुंटीकडे पाहिले. मग बाहेर येऊन स्कूटरकडे पाहिले. सुंभाची गाठ भिजून आवळली होती, ती तिने दातांनी सोडवली आणि मला सोनाजीच्या अंगावर पसरले. तेव्हा पाहणाऱ्यांना दिसले की स्कूटरवर एक ओरखडासुद्धा नाही. दिवा शाबूत, रंग शाबूत. पत्रेही उडाले नव्हते. धान्य कोरडे होते, काडेपेट्या कोरड्या होत्या. तयारी म्हणून जे जे केले होते, त्यातले काहीही फसले नव्हते.

आता मी पेटीत असते. डांबराच्या गोळ्या घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून. कडूबाने स्कूटरसाठी मापाचे आच्छादन आणले. कोणी पाहुणे आले की तो मला बाहेर काढतो आणि म्हणतो, "ही आबांची आठवण." पाहुणे हात लावून हळहळतात. आता मला वास येतो, असे कोणी म्हणत नाही. हा मान मला नको होता. सोनाजीची आठवण गेली होती, त्याला घोंगडी हवी होती. आता यांच्याजवळ घोंगडी आहे, पण तिची यांना नुसती आठवण करून ठेवायची आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात असे विसरणारे माणूस असेल, तर पत्र्यावरचे धोंडे मागून ठेवा. आधी हे पाहा की वारा सुटला की ते माणूस काय शोधते. काठी असेल, टोपी असेल, देवाची घंटी असेल, फाटके लुगडे असेल. ते काय म्हणून, असे त्याला विचारू नका. त्याला सांगता येणार नाही. ती वस्तू दाराजवळ ठेवा, आणि घराला आग लागली तरी दुसऱ्या कामाला घेऊ नका. त्याच्याजवळ कोण बसायचे, ते आभाळ निरभ्र असतानाच ठरवा. आणि गल्लीच्या तोंडाशी जे घर आहे, त्याच्याशी बोलणे चालू ठेवा. त्या घराची जिलेबी घ्या. तुमचे माणूस हरवेल तेव्हा पहिल्यांदा त्याच घराला दिसणार आहे.

अजूनही आभाळ भरून आले की वच्छला पेटी उघडते, मला काढते आणि त्या खुंटीवर अडकवते. माझ्या आत बसायला आता कोणी नाही. कडूबा ते पाहतो. गार पडो न पडो, वारा थांबेपर्यंत तो माझ्याखाली, दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभा राहतो. स्कूटर बाहेर उघडीच भिजत असते.